पावलांच्या खेळाची कार्यशाळा: शाळेने अर्धी घ्यावी, अर्धी परत पाठवावी

मुंबईतल्या शाळा-कॉलेजांत नववी ते अकरावीसाठी एक कार्यशाळा फिरते. गरीब-श्रीमंत, जात, धर्म, रंग आणि चारचौघांत वागणं यांवर मुलांना काय वाटतं ते बाहेर काढायचं आणि जमलं तर थोडं हलवायचं, असा तिचा दावा असतो. घेऊन येणारे वेगवेगळे असले तरी त्यांच्या बॅगेतला माल साधारण तोच: पावलांचा खेळ, रंगीत फितींचा खेळ, निनावी चिठ्ठ्या आणि शेवटी गटात एक काम. वेळ दोन-अडीच तास. इथे परीक्षण मालाचं आहे, आणणाऱ्याचं नाही.

पावलांचा खेळ म्हणजे या कार्यशाळेची जाहिरातच. माहितीपत्रकावर फोटो त्याचाच असतो. सगळी मुलं एका ओळीत उभी राहतात, कार्यशाळा घेणारी ताई एकेक वाक्य वाचते. 'घरी स्वतःची खोली असेल तर एक पाऊल पुढे.' 'फी भरायला उशीर झाला असेल तर एक पाऊल मागे.' तीस वाक्यं झाली की कोण कुठे उभं आहे ते पाहायचं आणि त्यावर बोलायचं. खेळ अमेरिकेतून आलेला आहे आणि तिथल्या जागेच्या हिशेबाने बेतलेला आहे, हे पहिल्याच मिनिटाला कळतं. खांद्याला खांदा लावला तरी एका मुलाला दीड फूट लागतो. ६० मुलांची ओळ झाली ९० फूट. इतका लांब हॉल मुंबईत किती शाळांकडे आहे? मग वर्गाचे दोन भाग करतात. पहिला भाग बाहेर पडताना दुसऱ्याला वाक्यं सांगून मोकळा होतो, आणि दुसरी खेप सुरू होते तेव्हा कुठल्या वाक्याला हलायचं नाही हे सगळ्यांनी ठरवलेलं असतं.

जागेचं काहीतरी करता येईल. खरी खोट आहे ती उभं राहण्याच्या दिशेत. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. पुढे गेलेल्या मुलाला दिसतं काय, तर स्टेज, पडदा आणि सरस्वतीचा फोटो. मागे राहिलेल्या मुलीला मात्र सगळा वर्ग पाठमोरा दिसतो, आणि आपल्या पुढे नेमकं कोण कोण आहे तेही दिसतं. म्हणजे ज्याला दाखवायचं त्याला काहीच दिसत नाही, आणि जिला आधीपासून ठाऊक आहे तिला पुन्हा सगळ्यांदेखत दाखवलं जातं. शेवटी 'आता मागे वळून बघा' म्हणतात तेव्हा ४०-५० डोळे एकदम तिच्यावर येतात. चर्चेत पुढची मुलं 'आम्ही किती नशीबवान' असं बोलतात. मागची मुलं बोलत नाहीत. बोलणार तरी काय? त्यांचा धडा करून झालेला असतो.

वाक्यांचा घोळ वेगळाच. भाषांतर बरं असतं, पण मुंबई त्यात नसते. 'स्वतंत्र खोली' घ्या. अकरावीच्या वर्गात दादरच्या ४०० फुटी वडिलोपार्जित घरातली प्राध्यापकाची मुलगी या वाक्याला मागे जाते, आणि नालासोपाऱ्याला टू बीएचके घेतलेल्या टेम्पोवाल्याचा मुलगा पुढे. 'घरी कामाला बाई येतात का' हे वाक्य तर जिथे दिसेल तिथे काटावं. ज्या मुलाची आई धुणीभांडी करते त्याने कुठे पाऊल टाकायचं? 'चोवीस तास पाणी' हेही फसवं. टॉवरलाही महापालिकेचं पाणी ठरलेल्या वेळीच येतं, फक्त ते टाकीत चढवायला पंप आणि वॉचमन असतो. त्याऐवजी 'पाणी आलं की भरायला कोण उठतं' असं विचारावं. उत्तरात घराची ऐपत कळते, आणि मुलगा झोपलेला असताना बहीण उठते हेही कळतं.

इथल्या मुलांच्या डोक्यात आर्थिक वर्ग कसा बसलेला असतो ते पत्त्यावरून चांगलं समजतं. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या भूखंडावर एकीकडे मूळ रहिवाशांची इमारत असते, ३०० चौरस फुटांची घरं. दुसरीकडे विक्रीचा टॉवर. गेटंही बहुधा वेगळी. मुलं 'पुढची बिल्डिंग', 'मागची बिल्डिंग' म्हणतात आणि पुढचं कोणाला विचारावं लागत नाही. मागच्या बिल्डिंगमधला मुलगा मित्राच्या गाडीतून टॉवरच्या गेटवरच उतरतो, गाडी वळेपर्यंत तिथेच मोबाइल बघत उभा राहतो आणि मग मागच्या गल्लीत शिरतो. हे टिपणारं वाक्य परदेशी यादीत कुठून असणार? आणि इथल्या माणसाने लिहिलं, तरी ६० जणांसमोर वाचू नये.

जात आणि धर्म पावलांच्या खेळात आणूच नयेत. वर्गात ओरडून 'स्कॉलरशिपवाल्यांनी उभं राहा' म्हणायची वाईट सवय आपल्या शाळांना आहेच. 'आडनाव ऐकून घर नाकारलं गेलं असेल तर पाऊल मागे' हे वाक्य तीच गोष्ट गोड आवाजात करतं. ४५ मुलांत मुसलमान दोन असतील, तर कोणाचं पाऊल मागे गेलं हे सांगायला ताईची गरज उरत नाही.

फितींच्या खेळाबद्दल थोडक्यात. अर्ध्यांना निळी फीत, अर्ध्यांना पिवळी. पिवळ्यांना पाठीमागे बसवायचं, पाणी शेवटी द्यायचं, चुका मोठ्याने दाखवायच्या. मूळ प्रयोग जेन एलियट या शिक्षिकेने १९६८ मध्ये अमेरिकेत आयोवातल्या राइसव्हिल गावात केला. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या नुकतीच झाली होती. तिने तिसरीच्या मुलांचे डोळ्यांच्या रंगावरून गट केले आणि नंतर ते उलटे केले, म्हणजे दोन्ही बाजूंची मुलं दोन्ही जागी बसली. इथे ४० मिनिटांत उलटापालट होतच नाही. घंटा वाजते आणि पिवळी फीत तशीच घरी जाते. शिवाय आठ वर्षांच्या मुलाला जो धक्का बसतो तो पंधरा वर्षांच्या मुलाला बसत नाही. त्याला फक्त राग येतो. वगळा.

रंगावर बोलायचंच असेल तर घरचा माल भरपूर आहे. एका प्रसिद्ध क्रीमने २०२० मध्ये नावातून 'फेअर' काढून 'ग्लो' घातलं. डबीत काय बदललं असेल असं मुलांना विचारा, तास कमी पडतो. दुसरं, 'हबशी' हा शब्द. मुलं तो शिवी म्हणून वापरतात, आणि निजामशाही सांभाळणारा मलिक अंबर हबशी होता, मुळचा इथिओपियाचा; जंजिऱ्याचे सिद्दीही आफ्रिकी वंशाचेच. या दोन गोष्टी एकाच फळ्यावर लिहिल्या की वर्ग क्षणभर गप्प होतो. तिथून 'काळ्या', 'चिंकी', 'घाटी', 'भय्या', 'व्हर्नी' (इंग्रजी माध्यमात न शिकलेला) या शब्दांकडे जाता येतं. सुरुवात मात्र या शब्दांपासून करू नये, हशा पिकतो आणि तास गेला.

आता ठेवण्यासारखं. चिठ्ठ्या चांगल्या आहेत, फक्त बहुतेक वेळा नीट केलेल्या नसतात. कागद एकाच मापाचा हवा आणि सगळ्यांना सारखीच पेन्सिल हवी. निळ्या जेल पेनने लिहिणारी मुलगी वर्गात एकच असते आणि ती सगळ्यांना माहीत असते. प्रत्येकाने किमान तीन ओळी लिहायच्या, काही सांगायचं नसेल तर जेवणात काय होतं ते लिहायचं. म्हणजे कोण खूप लिहितोय यावर कोणाची नजर जात नाही. दोन तुकड्यांच्या चिठ्ठ्या एकत्र कराव्यात, नाहीतर अक्षर आणि मजकूर दोन्हींवरून माणूस ओळखू येतो. वाचायचं काम बाहेरच्या माणसाचं. वर्गशिक्षकाचं नाही आणि मॉनिटरचं तर मुळीच नाही. आधी सगळ्या चाळून, ज्यातून मूल ओळखू येईल त्या बाजूला काढायच्या. प्रश्न एकच पुरतो: 'असा कोणता मित्र किंवा मैत्रीण आहे जिला घरी नेता येत नाही, आणि का? नाव लिहू नका.' 'तू जातपात मानतोस का' असं विचारलं तर पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीची प्रतिज्ञा उत्तर म्हणून परत मिळते. कार्यशाळेआधी आणि नंतर भरून घेतात त्या फॉर्मांचंही तसंच: शिक्षक डोक्यावर उभे असतात, मुलं सर्वांना समान मानतात, आणि अहवालात आलेख वर जातो.

गटाचं काम हा बॅगेतला सगळ्यात सोनेरी तुकडा, आणि तोच शेवटच्या २० मिनिटांत कोंबलेला असतो. पद्धत मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सनने १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत वापरली: प्रत्येकाकडे माहितीचा एकच तुकडा, त्यामुळे कोणालाच टाळून चालत नाही. इथे चालणारं काम असं. सहा जणांचा गट, चिठ्ठी टाकून पाडलेला. संध्याकाळच्या कार्यक्रमात ६० जणांचं खाणं ठरवायचं, खर्च ३,००० रुपये, म्हणजे माणशी ५०. सहा कार्डं. पहिल्यावर त्या आठवड्यातले भाव. दुसऱ्यावर: चार जण जैन, कांदा-लसूण-बटाटा नाही, आणि सूर्यास्तानंतर खात नाहीत. तिसऱ्यावर: पाच जणांचा रोजा, सूर्यास्तानंतरच सोडणार. चौथ्यावर: दोघांचा उपास. पाचव्यावर: एकाला शेंगदाण्याची ॲलर्जी. सहाव्यावर: वर्गणी काढायची नाही, कारण काही जण देऊ शकत नाहीत आणि त्यांची नावं सांगायची नाहीत.

पहिल्या तीन मिनिटांत कोणीतरी मोठ्या आवाजात 'व्हेज सँडविच' म्हणतो आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. मग सँडविचमधला बटाटा निघतो. वडापाव त्याच बटाट्यावर अडतो, साबुदाण्याची खिचडी शेंगदाण्यावर. साधारण पंधराव्या मिनिटाला गटाला सापडतं की दोन कार्डं एकाच सूर्यावर अडली आहेत: एकाला तो मावळायच्या आत खायचंय, दुसऱ्याला मावळल्यावर. फेब्रुवारीत मुंबईत साडेसहाच्या सुमारास. इथे एकच पदार्थ शोधण्याचा हट्ट सुटतो आणि कोणाला आधी वाढायचं, कोणासाठी बांधून ठेवायचं हे बोलणं सुरू होतं. खजूर रोजाला लागतो आणि उपासालाही चालतो, हे बहुधा असं मूल सांगतं जे सकाळपासून बोललेलं नसतं.

बिघडतं ते दोन ठिकाणी. कार्डं एकमेकांना दाखवायची नसतात, फक्त तोंडी सांगायची. दाखवली की एक हुशार मूल सहाही गोळा करतं आणि बाकीचे पाच प्रेक्षक होतात. आणि कार्डं इंग्रजीतच असली की गटाचं नेतृत्व इंग्रजी फाडणाऱ्याकडे जातं. मराठी-हिंदी-इंग्रजी तिन्हींत छापलेली हवीत. दर १५ मुलांमागे एक मोठा माणूस हवा, आणि त्याने उत्तर सुचवायचं नाही. हे सगळ्यात कठीण, विशेषतः शिक्षकांना.

या भागावर भरवसा ठेवायला आधार आहे. दिल्लीच्या महागड्या खासगी शाळांत गरीब मुलांना जागा राखून दिल्यावर काय झालं ते अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी तपासलं, अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. श्रीमंत मुलं जास्त उदार झाली आणि गरीब मुलांना टाळणं कमी झालं. काही शाळांत अभ्यासगट नावाच्या आद्याक्षरांवरून पडत होते, म्हणून कोणाच्या वाट्याला कोण आलं हा योगायोग होता, आणि परिणाम मुख्यतः या एकत्र बसण्यातूनच आला. उत्तर प्रदेशात अर्थशास्त्रज्ञ मॅट लो यांनी वेगवेगळ्या जातींच्या तरुणांचे क्रिकेट संघ करून पाहिले: एकाच संघात खेळलेल्यांची जातीबाहेर मैत्री वाढली, समोरासमोरच्या संघांत खेळलेल्यांची नाही. म्हणून शेवटची 'गटांची स्पर्धा' काढून टाका, किंवा निदान प्रत्येक गट सरमिसळ आहे हे पाहा.

वेळ निवडताना बहुतेक शाळा चुकतात. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांवर आलेल्या मुलांची फी आठवीपर्यंतच माफ असते. नववीत ती एकतर फी भरायला लागतात किंवा शाळा सोडतात. आणि कार्यशाळा ठेवतात नेमकी नववीत! सहावी-सातवीत घ्या, तेव्हा वर्ग खरंच मिसळलेला असतो. शुक्रवारची दुपार टाळा, मुलं नमाजाला जातात. डबल पीरियड ७० मिनिटांचा असला तरी हजेरी आणि बाकं सरकवण्यात १५ जातात, तेव्हा चिठ्ठ्या एका दिवशी आणि गटकाम दुसऱ्या दिवशी ठेवा.

गुण द्यायचे तर पावलांना पाचपैकी एक, फितींना शून्य, चिठ्ठ्यांना तीन, गटकामाला साडेचार. ठरवण्याआधी वाक्यांची पूर्ण यादी आणि कार्डांचा नमुना मागा. 'गोपनीय आहे' असं उत्तर आलं तर पुढची संस्था बघा. फक्त दोन भाग घेतो म्हटल्यावर पूर्ण पैसे मागतात. तेव्हा वाचलेल्या वेळात गटकामाच्या आणखी दोन फेऱ्या मागा आणि कार्डांचे संच शाळेतच ठेवून घ्या. जाड कागदावर छापून लॅमिनेट केलेले दहा संच ६० मुलांना पुरतात. भावांचं कार्ड मात्र लॅमिनेट करू नका, ते दर वर्षी बदलावं लागतं.