मिरजेत जवारी काढून घेतली, तेव्हा कळलं तानपुरा बेसूर नव्हताच

माझा तानपुरा ४२ वर्षांचा आहे. आईने घेतलेला, मिरजेचाच. गेल्या दिवाळीपासून तो कानाला टोचायला लागला. घरी सगळे म्हणाले, बेसूर झालाय. मीही तेच धरून बसले. आमच्या गावातल्या एका दुकानात दिला, तर त्यांनी चारही तारा बदलून ८०० रुपये घेतले. आवाज होता तसाच.

शेवटी गोधडीत गुंडाळून मिरजेच्या सतारमेकर गल्लीत नेला. दुकान अगदी लहान, आत भोपळे टांगलेले. कारागीर वयस्कर. मी म्हटलं, "चाचा, बेसूर वाजतोय." त्यांनी माझ्या पट्टीला, म्हणजे काळी चारला, तारा लावल्या, डोळे मिटून दोन मिनिटं छेडत राहिले आणि म्हणाले, "ताई, बेसूर म्हणू नका त्याला. सूर जागेवर आहेत. जवारी बसलीय, म्हणून कर्कश लागतोय." जवारी म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या घोडीच्या माथ्याला घासून दिलेला बाक, त्याने तार गुंजते.

मग षड्जाच्या जोडीच्या दोन तारांपैकी एकीचा मणी, सूर बारीक जुळवायचा तो, त्यांनी किंचित सरकवला. षड्ज ओळखू येत होता, पण आवाज लाटेसारखा हेलकावे खायला लागला. "हा कणसूर." नंतर खुंटी पिळून तार पार उतरवली. "आणि हा बेसूर."

चाळीस वर्षं गातेय, कर्कश, कणसूर, बेसूर हे तीन शब्द असे शेजारी शेजारी कधी ऐकले नव्हते. माझ्याकडे आठ मुलं शिकायला येतात. ज्याचा गंधार केसभर खाली राहतो त्यालाही मी आजवर बेसूर म्हणत आले, आणि तो घाबरून आवाजच दाबायचा. आता 'कणसूर लागला, जरा वर घे' एवढंच म्हणते. पोरगं घेतंही.

कामाबद्दल. घोडीवर तारांनी खाचा पाडल्या होत्या. त्यांनी कानशीने घोडीचा माथा हलक्या हाताने घासला, तार लावून ऐकली, पुन्हा उतरवली, पुन्हा घासला. खरजाच्या, म्हणजे खालच्या षड्जाच्या, पितळी तारेला सगळ्यात जास्त वेळ लागला. शेवटी तारेखालचा धागा मागेपुढे करत एका जागी थांबले आणि खोली भरून गेली. पंचम-षड्जाच्या मागून गंधार आपोआप ऐकू यायला लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पावणेतीन तास, १२०० रुपये. घाईत जाऊ नका, ते एका बैठकीत एकच वाद्य घेतात. बसायला एकच स्टूल आहे आणि पावती मागावी लागते. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नवं वाद्य घ्यायला लोक येतीलच, पण मला विचाराल तर जुनं वाद्य घेऊन जा. तारा बदलायला मात्र आधी कुणाला देऊ नका, माझ्या नव्या तारा त्यांनी उतरवून परत जाड-बारीक बघून लावल्या.