पीसीए पंप: ऑपरेशननंतरच्या दुखण्यावर चांगलं यंत्र, पण लक्ष ठेवणारी सिस्टर हवी

पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर पेशंटच्या हाती बटण देणारा पीसीए पंप (पेशंट-कंट्रोल्ड अ‍ॅनाल्जेसिया, म्हणजे पेशंटने स्वतः घ्यायचं वेदनाशामक) आता बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांत दिसतो. कळ आली की पेशंट बटण दाबतो, ठरलेला डोस शिरेतून जातो आणि पुढची काही मिनिटं कितीही दाबलं तरी काही जात नाही. एरवी ‘सिस्टर, दुखतंय’ म्हटल्यावर कपाटाची किल्ली, रजिस्टर, दोन सह्या आणि इंजेक्शन भरणं यात बराच वेळ जातो. तो वाचतो, हा या यंत्राचा खरा गुण.

प्रौढांसाठी नेहमीचं सेटिंग म्हणजे मॉर्फिन (अफूवर्गीय वेदनाशामक) १ मिलिग्रॅम प्रति मिली, बोलस (एका दाबाचा डोस) १ मिलिग्रॅम, लॉकआउट (डोसनंतर बटण बंद राहण्याचा वेळ) ५ ते १० मिनिटं. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये १० मिलिग्रॅमचे पाच अँप्यूल आणि ४५ मिली सलाईन. चूक होते ती इथेच. आपल्याकडे १५ मिलिग्रॅमचेही अँप्यूल मिळतात. ते पाच भरले तर पंपावर १ मिलिग्रॅम दिसतं आणि पेशंटला दर वेळी दीडपट जातं. पंपाला हे कळत नाही. म्हणून अँप्यूलवरचा आकडा दोन सिस्टरनी मोठ्याने वाचायचा.

आधीपासून अफूवर्गीय औषध न घेणाऱ्या पेशंटला बटणाशिवाय सतत जाणारा डोस लावू नये. गुंगी आलेला माणूस बटण दाबत नाही, ही या पंपाची सुरक्षितता आहे. नातेवाईक मायेपोटी दाबून देतात तेव्हा नेमकी तीच मोडते. ‘फक्त पेशंटनेच दाबायचं’ हे पहिल्याच दिवशी नातेवाइकांना बजावायला हवं.

नळीकडेही लक्ष हवं. सिरिंज खाचेत नीट बसली नसेल आणि पंप उंच टांगलेला असेल, तर औषध आपोआप ओघळत जातं. पंप पेशंटच्या पातळीला ठेवावा, औषध असं ओघळू न देणारा अँटी-सायफन व्हॉल्व्ह लावावा. तीच शीर सलाईनलाही वापरत असाल तर सलाईनच्या नळीवर उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह हवाच. तो नसेल आणि कॅन्युला (शिरेत घातलेली छोटी नळी) तुंबली, तर मॉर्फिन सलाईनच्या नळीत चढत राहतं आणि वाट मोकळी होताच सगळं एकदम आत जातं.

या पंपाचा सगळ्यात उपयोगी भाग म्हणजे हिस्टरी स्क्रीन, आणि तोच कमी वापरला जातो. चार तासांत ४० वेळा दाबलं आणि १५ डोस मिळाले, तर सेटिंग अपुरं आहे, कॅन्युला शिरेबाहेर गेली आहे किंवा लघवीची नळी (कॅथेटर) तुंबून मूत्राशय फुगलंय. उलट दाबलंय चारदाच आणि खोकताना दुखणं १० पैकी ७ असेल, तर पेशंट घाबरलाय, नाहीतर त्याला मळमळतंय. मळमळीवर ऑनडानसेट्रॉन ४ मिलिग्रॅम मिळालं की तो पुन्हा दाबू लागतो. पडल्या पडल्या किती दुखतंय हे विचारून फार काही कळत नाही; कूस बदलताना, खोकताना विचारावं.

रात्री झोपेत कोणी बटण दाबत नाही, म्हणून पहाटे दुखणं उसळतं. त्यासाठी ५० किलोवरच्या प्रौढाला, यकृत ठीक असेल तर, पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर सहा तासांनी ठरल्या वेळी द्यावं. ‘दुखलं तर’ नको.

ऑक्सिजन लावलेला असेल तर सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ९८ टक्के दिसत असतानाही श्वास मिनिटाला ७ वर आलेला असू शकतो. श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा, आणि त्याआधी गुंगी पाहावी, कारण बहुधा ती आधी वाढते. श्वास ८ च्या खाली गेला किंवा पेशंट हाकेला जागा होईना, तर पंप बंद, ऑक्सिजन सुरू, डॉक्टरांना हाक. मॉर्फिनचा उतारा असलेल्या नॅलोक्सोनचा ४०० मायक्रोग्रॅमचा अँप्यूल सलाईन घालून १० मिली करून, ऑर्डरप्रमाणे १-२ मिली दर दोन-तीन मिनिटांनी. सगळा एकदम दिला तर दुखणं भयंकर उलटतं. शिवाय त्याचा असर मॉर्फिनच्या आधी उतरतो, म्हणून नंतरही जवळून लक्ष ठेवावं लागतं.

गोंधळलेल्या किंवा बटण दाबता न येणाऱ्या पेशंटला हा पंप नको. किडनी निकामी असेल तर मॉर्फिनऐवजी फेंटॅनिल हे दुसरं अफूवर्गीय औषध बरं. पंप काढताना आधी तोंडाने गोळी द्यावी, ती लागू पडली की मगच काढावा, आणि उरलेलं मॉर्फिन दोन सिस्टरसमोर टाकून रजिस्टरमध्ये मिलीसकट नोंदवावं.