हीटरवाली फ्रंट लोड वॉशिंग मशीन, वर्षभर वापरून लिहायलोय

दुकानात पोरगा मला फीचरवर फीचर सांगायला लागला, मी एकच विचारलं, पाणी 60 डिग्रीपर्यंत तापतंय का. कारण घरात गजकर्ण शिरलं होतं. आधी पोराला हॉस्टेलवर झालं, मग बायकोला, मग आईला. मेडिकलवरून आणलेलं मलम लावलं की आठ दिवस बरं आन परत तेच, त्यात स्टेरॉईड होतं हे नंतर कळलं, त्यानं खाज थांबते पण बुरशी आत वाढतच राहते. कातडीच्या डॉक्टरनी सांगितलं गोळ्या पूर्ण घ्या, पण टॉवेल, बनियन, चड्ड्या, चादरी वेगळ्या आन गरम पाण्यात धुवा नाहीतर एकमेकाला लावतच बसाल. आम्ही तर सगळ्यांचं एकाच बादलीत रात्रभर गार पाण्यात भिजवायचो!

आता पेशंटचे कपडे कॉटन 60 वर, वेगळे. अडीच तास लागतात, लाईट गेली तर जिथं थांबली तिथून पुढं चालू होते. गोळ्या आन हे दोन्ही सोबत केलं तेव्हा कुठं चार महिन्यांत घर मोकळं झालं, नुसत्या मशीननं झालं असं मी म्हणणार नाही.

पाण्याचं सांगतो, लातूरकर म्हणल्यावर ते पहिलं बघावं लागतंय, 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव हाय आमचं. टॉप लोडपेक्षा हिला पाणी बरंच कमी लागतं. पण आमचं बोअरचं पाणी लई जड, फेसच होत नाही म्हणून बायको पावडर वाढवायची, ती कपड्यात राहून अंगाला खाज सुटायची, आम्हाला वाटायचं गजकर्णच परत आलं. आता मोजून लिक्विड आन एक जास्तीचं खंगाळणं लावतो. हीटरवर क्षार बसतात म्हणून दोन महिन्याला डिस्केलर टाकून रिकामी फिरवावी लागते, हा खर्च धरूनच घ्या.

दाराच्या रबराच्या घडीत पाणी साचतं. हे दुकानात कुणी सांगितलं नाही, पहिल्याच पावसाळ्यात रबर काळं पडलं आन धुतलेल्या टॉवेलाला कुबट वास यायला लागला. आता धुणं झालं की फडक्यानं पुसून दार उघडंच ठेवतो. आन कपडे ड्रममध्ये ठेवून झोपायचं नाही, लगेच गच्चीवर उन्हात. झडीत ऊन नसलं तर पंख्याखाली वाळवून इस्त्री फिरवतो, शिवणीवर जरा जास्त वेळ.

मशीन परवडत नसेल तर भगुन्यात पाणी उकळून पांढरे सुती टॉवेल-चादरी त्यात अर्धा तास बुडवून ठेवा, आई सध्या गावाकडं तेच करायलीय.