वापरलेली यामाहा एफ-३१०: विदर्भाच्या उन्हाळ्यात टिकणारी गिटार

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात नवी गिटार आणण्यापेक्षा वापरलेली आणावी, हे माझे मत जुने आहे आणि गेली काही वर्षे हाताशी असलेल्या यामाहा एफ-३१० मुळे ते अधिक पक्के झाले आहे. नवी गिटार दुकानात सुरेखच वाटते; पण मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला आणि हवेतला ओलावा पार आटला, म्हणजे तिचे लाकूड कसे वागेल, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. इथलेच दोन-तीन उन्हाळे काढलेल्या गिटारबद्दल हा प्रश्न उरत नाही, कारण तिचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असते आणि ते डोळ्यांनी पाहता येते.

माझ्याकडच्या सगळ्याच गिटार अशा दुसऱ्यांच्या हातून आलेल्या आहेत. पहिली, जिच्यावर कुठल्याही कंपनीचे नाव नव्हते, लग्नांत वाजवणाऱ्या एका ऑर्केस्ट्राकडून मिळाली होती. भर उन्हाळ्यात तिचा ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची लाकडी पट्टी, गोंदासकट उखडला, तरी ती अजून भिंतीवर आहे, कारण बोटांना घट्टे तिनेच पाडले. त्यानंतर नायलॉनच्या तारांची एक आली. एफ-३१० मात्र वर्ध्याच्या एका वसतिगृहातून, शिक्षण संपवून गावी निघालेल्या मुलाकडून, नव्याच्या निम्म्याहूनही कमी किमतीत घेतली. परीक्षा संपल्या की वसतिगृहांतून अशा गिटार दरवर्षी विकायला निघतात आणि हा काळ नेमका उन्हाळ्याचा असतो, ही घेणाऱ्याच्या दृष्टीने फार सोयीची गोष्ट आहे.

इंडोनेशियात बनणाऱ्या या गिटारचे वरचे पान, म्हणजे छिद्र असलेली पुढची बाजू, स्प्रूस नावाच्या लाकडाचे असले तरी ते अखंड फळीचे नसून प्लायचे आहे, आणि जाणकार मंडळी नेमक्या याच कारणासाठी तिला कमी लेखतात. अखंड फळीचा आवाज वर्षागणिक खुलत जातो, तसा प्लायचा खुलत नाही, हे खरे आहे. पण प्लायमध्ये एका थराचे रेषे दुसऱ्या थराला आडवे असल्यामुळे लाकडाचे आकुंचन-प्रसरण एकमेकांना रोखते, आणि ज्या प्रदेशात मे महिन्यात दार-खिडक्यांच्या चौकटींना फटी पडतात व ऑगस्टमध्ये तीच दारे फुगून लागेनाशी होतात, तिथे हा गुण आवाजातल्या उणिवेपेक्षा मोठा आहे. महागडी अखंड फळीची गिटार सांभाळायची तर खोलीतला ओलावा वर्षभर ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास ठेवावा लागतो, आणि आमच्याकडच्या घरात ते शक्य नाही. जे वाजवले जाईल तेच वाद्य घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

घेताना मी नेकच्या, म्हणजे गिटारच्या लांब दांड्याच्या, दोन्ही कडांवरून तळहात सावकाश फिरवला होता. कोरड्या हवेत फ्रेटबोर्डचे, म्हणजे नेकवर बोटे दाबायच्या पट्टीचे, लाकूड आकसते, तिच्यावरच्या धातूच्या आडव्या तारा, म्हणजे फ्रेट, मात्र आकसत नाहीत, त्यामुळे त्यांची टोके कडेबाहेर येऊन हाताला करवतीसारखी लागतात. मे महिन्यात ती लागली नाहीत तर पुढे पावसाळा-हिवाळ्यात लागण्याची धास्ती नाही. या गिटारची कड स्वच्छ होती. पहिल्या दोन फ्रेटवर मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेखाली बारीक खाचा पडल्या होत्या आणि पाचव्या फ्रेटच्या पुढे धातू जवळपास कोरा होता, म्हणजे त्या मुलाने सी, जी, एमायनर असे सुरुवातीचे कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचे स्वरसमूह, पुष्कळ वाजवले आणि नेकवर वर चढण्याआधीच त्याचा अभ्यासक्रम संपला. त्याने सोडला तिथून पुढचा भाग आता मी वाजवतो आहे, आणि वापरलेल्या गिटारचा मला जो लळा आहे तो बहुतांशी यातूनच आलेला आहे. ब्रिजची मागची कड पानापासून सुटलेली नाही ना, हे वहीचा कागद त्या फटीत सरकवून पाहावे. कागद आत गेला तर ती गिटार घेऊ नये.

उन्हाळ्यात वरचे पान किंचित बसते आणि पावसाळ्यात वर येते. प्लायमध्येही हे थोडे होतेच. त्यामुळे माझ्याकडे या गिटारची दोन सॅडल, म्हणजे ब्रिजमध्ये बसणाऱ्या आणि तारा टेकवणाऱ्या पट्ट्या, आहेत, पावसाळ्यासाठी थोडे बुटके आणि उन्हाळ्यासाठी थोडे उंच. बारावी फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असल्याने तिथली तारेची उंची एक मिलिमीटर कमी करायची तर सॅडल दोन मिलिमीटर घासावे लागते, आणि ते सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून खालच्या बाजूने घासावे. तार तिथे सव्वादोन-अडीच मिलिमीटरवर राहिली की बोटांना त्रास होत नाही. नेकचा बाक सुधारण्याचा रॉड वेगळा असतो, त्याची चावी मधल्या गोल छिद्रातून आत लागते. एका वेळी पाव फेरा पुरे. गिटार कूलरच्या झोतासमोर ठेवू नये, कारण कूलर चालू असताना ओलावा आणि वीज गेली की कोरडी झळ, हे आलटून-पालटून होणे लाकडाला नुसत्या उन्हाळ्यापेक्षा जाचक ठरते. बंद मोटारीत तर ती कधीच ठेवू नये; आतले तापमान ६० अंशांच्या वर जाते आणि गोंद ढिला होऊ लागतो.

माझ्या गिटारचा फ्रेटबोर्ड रोजवुडचा, म्हणजे आपल्या शिसवाच्याच जातकुळीतल्या लाकडाचा आहे. वर्षातून एकदा त्याला जवसाच्या तेलाचे दोन-तीन थेंब लावून लगेच पुसून घ्यावे. जवसाचे तेल हवेत वाळून घट्ट होते, खोबरेल वाळत नाही, म्हणून खोबरेल लावू नये. तेल पुसलेले फडके मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. वाळताना ते तापते आणि आपोआप पेट घेऊ शकते, तेव्हा ते मोकळे पसरून वाळवावे.

आवाजाबद्दल सांगायचे तर तिची खरी परीक्षा आमच्या भजनी मंडळात झाली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांना खंजिरीची साथ असते, आणि खंजिरीच्या झांजा व हार्मोनियम यांच्यामध्ये मंद आवाजाची गिटार हरवून जाते. एफ-३१० चा मधल्या पट्टीतला स्वर स्पष्ट आणि थोडा करकरीत असल्यामुळे सपरीत बसलेल्या शेवटच्या माणसापर्यंत तो पोहोचतो. पेटी काळी एकमध्ये असेल तर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, पहिल्या फ्रेटवर लावून सीच्या आकारातले कॉर्ड वाजवावेत, सुरात फरक पडत नाही. एकट्याने रात्री बोटांनी वाजवताना मात्र खर्जाच्या तारा थोड्या कोरड्या वाटतात, आणि ज्याला तोच प्रकार प्रामुख्याने वाजवायचा आहे त्याला ही गिटार मी सुचवणार नाही.

बारा नंबरच्या (हा नंबर जाडीचा) तारांचा एकत्रित ताण ७० किलोच्या वर जातो, म्हणून मी अकरा नंबरच्या लावतो आणि कापूस वेचणीच्या दिवसांत हात लागणार नसेल तर एक सूर उतरवून ठेवतो. गिटार घेताना तारांचा एक संच, हाडाचे एक सॅडल आणि जाड अस्तराची पिशवी यांचे पैसे बाजूला काढून मगच भाव ठरवावा.