झाडावरच्या टॅरँटुलासाठी दोन हाइड: कॉर्कची साल आणि चुंबकाचा कप्पा

निकाल आधी सांगते. झाडावर राहणारा टॅरँटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, पाळत असाल तर कॉर्कची अर्धगोल साल घ्या. चुंबकावर टांगायचा रेझिनचा कप्पा दुकानातच राहू द्या. हाइड, म्हणजे कोळ्याची लपायची जागा, कशाचा बनवला आहे यापेक्षा तो पेटीत कुठे, किती तिरका आणि तोंड कुणीकडे करून बसवता येतो याला जास्त महत्त्व आहे. त्या बाबतीत साल फार पुढे आहे.

माझ्याकडे पिंक टो, कॅरिबेना व्हर्सिकलर आणि सॅलमोपियस केंब्रिजाय या तीन जातींच्या तीन माद्या आहेत. तिघींच्या पेट्या अॅक्रिलिकच्या, रुंदीपेक्षा उंचीला जास्त आणि समोरून दार उघडणाऱ्या. दोन्ही हाइड तिघींकडे वापरून पाहिले.

चुंबकाच्या कप्प्याचं चित्र बघून कुणीही भुलेल. एक चुंबक कप्प्याच्या पाठीत, दुसरं भिंतीच्या बाहेरून. बाहेरचं सरकवलं की आतला कप्पा वरखाली होतो, दार उघडायची गरज नाही. पण कोळ्याने एकदा रेशीम घातलं की त्याला हलणारं घर नको असतं. कप्पा दोन बोटं सरकवला तरी ताणलेले धागे तुटतात आणि आतली बाई बाहेर येऊन छताला चिकटते. शिवाय जाड अॅक्रिलिकवर चुंबकाची पकड कमी पडते. पाणी फवारल्यावर माझा कप्पा हळूहळू खाली घसरायचा. पोट भरलेला टॅरँटुला उंचावरून पडला तर पोट फुटू शकतं, त्यामुळे हा दोष मला माफ करता येत नाही.

त्याहून मोठी अडचण जागेची. कप्प्याचं तोंड वरच्या बाजूला, आणि पेटी उंच दिसावी म्हणून तो छताजवळ लावायचा असं सोबतच्या चित्रात दाखवलेलं. तसा लावल्यावर पिंक टोने कप्प्यात पाऊलही ठेवलं नाही. कप्पा आणि छत यांच्यातल्या अरुंद फटीत तिने रेशमाची नळी विणली आणि तिचा एक पदर थेट दाराच्या कडेला नेला. मग खाऊ टाकायला दार उघडायचं म्हणजे दर वेळी तिचं घर फाडायचं. तिचं काहीच चुकलं नाही. दोन बाजूंनी आधार, वर आडोसा आणि अंधार मिळेल तिथे ती राहणार, आणि ती फट आपणच तयार केली होती.

आता साल. कॉर्क म्हणजे क्वेर्कस सुबेर या ओकची बाहेरची साल. पोर्तुगालमध्ये झाड साधारण २५ वर्षांचं झाल्यावर ती पहिल्यांदा काढतात, पुढे किमान ९ वर्षांच्या अंतराने. पहिल्या खेपेची साल खडबडीत, भेगाळलेली निघते, बाटलीच्या बुचांना चालत नाही. आपल्या कामाची तीच. ओल्या मातीत महिनोन्‌महिने उभी राहूनही ती सहजी कुजत नाही, आणि तिच्या खाचांमध्ये रेशमाचे धागे घट्ट धरतात. वापरण्याआधी मी तिच्यावर उकळतं पाणी ओतते आणि पूर्ण वाळवते, म्हणजे भेगांत लपलेले किडे राहत नाहीत.

घरावरच्या पावसाच्या पन्हळीसारखा तिचा आकार असतो, आणि सगळा खेळ त्या पोकळ बाजूचं तोंड कुठे करायचं याचा आहे. मी ती मागच्या कोपऱ्यात, दाराची बिजागरी असलेल्या बाजूला, पोकळ भाग कोपऱ्याकडे करून लावते. दोन भिंती आणि साल मिळून एक बंद नळी तयार होते. त्या दोन भिंतींना बाहेरून काळा कागद चिकटवते, पण फक्त वरच्या कडेला. आत अंधार राहतो, आणि कात टाकली का, पोट बारीक झालंय का, हे बघायचं असेल तर कागद उचलला की झालं. कोळ्याला हात लावावा लागत नाही की दार उघडावं लागत नाही. ही सोय मला चुंबकाच्या कप्प्यात कधीच मिळाली नाही.

वरचं टोक छताला टेकवायचं नाही. मधे कोळ्याच्या पायांच्या पसाऱ्याएवढी जागा सोडायची, म्हणजे ती आरामात बाहेर येऊन सालीच्या काठावर बसते आणि छताच्या सांध्यात घर करायचं तिला कारण उरत नाही. साल किंचित कलती हवी. अगदी उभी असली तर शिकार घसरून खाली जाते, फार आडवी असली तर दाराकडची जागा व्यापते. वरच्या तोंडाशी दोनचार कृत्रिम पानं लावली की रेशमाला आधार मिळतो. व्हर्सिकलर तर पानांसकट सगळं विणून टाकते, तिच्याकडे पानं जरा सढळ हाताने द्यावीत.

तोंड दारापासून लांब का, हे सॅलमोपियस पाळणाऱ्याला वेगळं सांगायला नको. अमेरिका खंडातल्या बहुतेक टॅरँटुलांकडे खाज आणणारे केस असतात, तिच्याकडे नाहीत. घाबरली की तिचा पहिला उपाय पळणं, तेही डोळ्याला न झेपणाऱ्या वेगाने. पळताना ती ओळखीच्या अंधाराकडे जाते. तो अंधार मागच्या कोपऱ्यात असेल तर ती आत गडप होते. तोच दाराशेजारी असेल तर तिच्या वाटेत तुमचा हात असतो.

सालीचं खालचं टोक तीनचार सेंटिमीटर मातीत रोवायचं. एक तर साल डगमगत नाही. दुसरं म्हणजे सॅलमोपियसला मातीचं फार वेड. झाडावरची म्हणून आणली तरी ती सालीच्या बुडाशी उकरते, मातीचे कण रेशमात गुंफून पडदा करते आणि वर-खाली दोन्हीकडून ये-जा ठेवते. तिच्या पिल्लांचं तर अर्धं आयुष्य बुडाशीच जातं, त्यामुळे त्यांच्या डबीत साल मातीपासून सुरू झालीच पाहिजे. हवेत टांगलेला कप्पा इथे अगदीच कुचकामी.

पिंक टोचं उलट. तिला खालचं काही नको, पण खेळती हवा हवीच. कोंदट, सतत ओल्या पेटीत ही जात टिकत नाही. साल लावताना भिंतीतली हवेची भोकं झाकली जात नाहीत ना, हे आधी बघा. एका बाजूला खाली आणि समोरच्या बाजूला वर अशी भोकं असतील तर साल ज्या कोपऱ्यात भोकं नाहीत तिथे जाते, भले तो बिजागरीच्या बाजूचा नसेना का. दाराची गैरसोय मी सोसेन, हवेची तिला सोसावी लागते.

सालीचे दोषही आहेत. प्रत्येक तुकडा वेगळा निघतो, ऑनलाइन मागवला तर रुंदी आपल्या मनासारखी येईलच असं नाही. माझा एक तुकडा इतका उथळ होता की पूर्ण वाढलेल्या पिंक टोला त्यात वळता येत नव्हतं. तो व्हर्सिकलरच्या पिल्लासाठी ठेवला. कडा कधी कधी भिंतीला नीट बसत नाही आणि फटीतून रवाळ भुसा पडत राहतो. करवतीने कापताना तर खूपच. विकणाऱ्यांनी आतली रुंदी लिहायला हवी, ते बहुतेक जण फक्त लांबी लिहितात.

मागवताना आतली पोकळी कोळ्याच्या पायांच्या पसाऱ्यापेक्षा थोडी कमी आणि शरीराच्या दुप्पट तरी रुंद घ्या. पाय दोन्ही बाजूंना टेकले की ती निवांत बसते. लांबी पेटीच्या उंचीच्या तीन चतुर्थांशापेक्षा जास्त नको. आणि कात टाकायची वेळ जवळ आली असेल, खाणं बंद झालं असेल, हाइडचं तोंड रेशमाने बुजवलेलं असेल, तर नवी साल कितीही सुंदर मिळाली तरी कात पडून तिचे दात काळे होईपर्यंत बाहेरच ठेवा.