कमी किमतीची पोस्टरं लिलावघराकडे दिली, त्यानंतरचे काही महिने

हिशेबाचा कागद काल हातात पडला, म्हणून लिहायला बसलो. थेट मुद्द्यावर येतो. दक्षिण मुंबईतल्या एका लिलावघराला मी जुन्या सिनेमांची 12 पोस्टरं विकायला दिली होती. बहुतेक सत्तरच्या दशकातली, 30 बाय 40 इंची, घड्या पडलेली, कडांना टाचण्यांची भोकं. लाखांचा माल नाही, हे दोघांनाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

बाराही पोस्टरांचा त्यांनी एकच लॉट केला, म्हणजे एकाच बोलीत विकायचा गठ्ठा. इतक्या स्वस्त मालाला रिझर्व्ह, म्हणजे जिच्या खाली विकायचं नाही अशी किंमत, ठेवत नाही म्हणाले. हातोडा पडला, म्हणजे शेवटची बोली लागली, 6,000 ला. किमान कमिशन 2,000, फोटोचे 1,000, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 3,540 गेले. माझ्या हाती 2,460. पोस्टरमागे 205 रुपये! चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर घासाघीस करून याहून बरे सुटले असते, तेही रोख. टक्केवारी लावली असती तर तक्रार नव्हती, 15 टक्क्यांचे 900 झाले असते. ही ‘किमान’ची अट स्वस्त मालाच्याच मुळावर येते. शिवाय घेणाऱ्याकडून बोलीच्या वर जादा रक्कम, म्हणजे प्रीमियम, घेतात तो वेगळाच.

पण पैशांपेक्षा जास्त लागलं ते ‘पिंजरा’चं. व्ही. शांतारामांचा 1972 चा चित्रपट, मराठी संग्राहक ज्याच्यासाठी थांबून राहतो असं पोस्टर. रंग शाबूत, तळाच्या पट्टीवर छापखान्याचं नाव स्पष्ट वाचता येणारं. कॅटलॉगमध्ये फोटो होता गठ्ठ्यातल्या सगळ्यात वरच्या हिंदी पोस्टरचा आणि खाली छापलं होतं ‘व इतर 11’. ‘पिंजरा’ शोधणारा माणूस ‘इतर 11’ शोधणार आहे का? फोन केला तर त्यांनी करारातलं कलम वाचून दाखवलं: लॉट कसे पाडायचे आणि वर्णन काय करायचं, हा सर्वस्वी लिलावघराचा अधिकार. कलम आहे, सही माझीच आहे. पण गठ्ठा बांधण्याआधी एकदा विचारायला काय जात होतं? ते एक पोस्टर मी त्याच दिवशी परत नेलं असतं.

एवढं लिहून झाल्यावर त्यांचा कंडिशन रिपोर्ट, म्हणजे पोस्टरांच्या अवस्थेची नोंद, पुन्हा काढून वाचला, आणि लिलावघराला पाचपैकी एक तारा द्यायचा ठरवला होता तो बदलतोय. कागद तपासणाऱ्या बाईंनी काम मन लावून केलंय. पन्नासच्या दशकातल्या एका चित्रपटाचं पोस्टर दुकानदाराने मूळ म्हणून विकलं होतं. त्यांनी मला भिंगाखाली दाखवलं: हाताने काढलेल्या लिथोत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या छपाईत, खडू घासल्यासारखा कण दिसतो, इथे सगळीकडे ऑफसेट या यांत्रिक छपाईचे एकसारखे ठिपके होते. म्हणजे चित्रपट नंतर पुन्हा लागला तेव्हाचं, री-रिलीजचं. जुन्या सेलोटेपचे पिवळे डागही एकेक करून नोंदवले होते, टेप ओढून काढायचा आगाऊपणा केला नव्हता. हे चोर बाजारात कुणी करत नाही.

म्हणूनच राग जास्त येतो. इतकं बारकाईने पाहणाऱ्यांना कॅटलॉगात 12 नावं छापणं जड का जावं?

फोटोचे 1,000 परत मागणारं पत्र पाठवलं आहे, कारण फोटो एकाच पोस्टरचा छापला. घरातला दुसरा गठ्ठा उत्तर येईपर्यंत देणार नाही. दिला तर करारावर दोन ओळी हाताने लिहून घेईन: विचारल्याशिवाय लॉट जोडायचा नाही, आणि प्रत्येक पोस्टरचं नाव छापायचं. पाचपैकी दोन तारे, दोन्ही त्या रिपोर्टचे.