वाड्याची माडी करकरते: पावडर, स्क्रू की पाचर?

जुन्या नाशकात, पंचवटीत किंवा तिवंध्याच्या बाजूला, वाड्याच्या माडीवर भाड्याने राहताना कार्पेटखालची एखादी फळी पाय पडला की करकरते. बहुतेक वेळा खिळा ढिला झालेला असतो. फळी सऱ्यापासून, म्हणजे तिला खालून पेलणाऱ्या आडव्या लाकडापासून, केसभर सुटते आणि खिळ्यावर वर-खाली घासते. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, म्हणून एप्रिल-मेमध्ये आवाज वाढतो. पावसाळ्यात ते फुगतं आणि आवाज आपोआप दबतो, त्यामुळे जुलैत केलेल्या दुरुस्तीची खरी परीक्षा पुढच्या मेमध्येच.

आधी एक तपासणी. एकच फळी वाजते की चालताना कपाटातली भांडीही खणखणतात? भांडी हलत असतील, तर भिंतीतलं सऱ्याचं टोक ओलीने किंवा वाळवीने खाल्लेलं असू शकतं. खालून, भिंतीलगत, स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. तो सहज आत गेला तर खालचे तिन्ही उपाय विसरा, त्या खोलीतलं जड सामान हलवा आणि घरमालकाला लेखी कळवा.

पावडर सगळ्यात सोपी. कार्पेटचा कोपरा उचलून दोन फळ्यांच्या फटीत टाल्कम पावडर टाकायची, ब्रशने आत ढकलायची, वर दहा-बारा वेळा चालायचं. फळ्या एकमेकींना घासत असतील तर काही आठवडे शांतता मिळते. खिळा ढिला असेल तर काहीच फरक पडत नाही. अकरा महिन्यांच्या करारातले शेवटचे तीन महिने उरले असतील, तर इथेच थांबावं.

वर्षभर तरी राहायचं असेल तर आमचं मत स्क्रूच्या बाजूने, मालकाची लेखी संमती घेऊन. जुन्या खिळ्यांची रांग दिसते तिथे खाली सरा असतो. 20-25 मिमी जाड फळीला 8 नंबरचा 50 मिमी स्क्रू घ्या. प्रत्येक सऱ्यावर दोन. जुनं सागवान सुकून कडक झालेलं असतं. भोक न पाडता स्क्रू घातला तर फळी तडकते किंवा स्क्रूच तुटतो. सऱ्यात 3 मिमी भोक, पण फळीत 4.5 मिमी. इथेच बहुतेकांचं चुकतं: फळीतलं भोकही घट्ट ठेवलं, तर आटे फळीला वरच धरून ठेवतात, फट मिटत नाही आणि आवाज तसाच राहतो. स्क्रू घट्ट करताना कुणाला तरी फळीवर उभं करा. आट्यांना साबण लावला की स्क्रू सरळ उतरतो.

खालचा मजला मालकाकडे असेल आणि त्याच्या छतात सरे उघडे दिसत असतील, तर पाचर उत्तम, कारण वरचं कार्पेट उचलावंच लागत नाही. पातळ लाकडी पाचरीला फेविकॉल लावून सरा आणि फळीच्या फटीत हाताने सरकवा, फार तर हातोडीची एक हलकी टिचकी. जोरात ठोकली की फळी उचलली जाते आणि शेजारची फळी वाजू लागते.

जुन्या भाडेकरूंसाठी एक गोष्ट: महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 14 नुसार, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर, दुरुस्ती मालकाची जबाबदारी आहे. ती टाळली गेली, तर किमान 15 दिवसांची लेखी नोटीस देऊन स्वतः करता येते.

कार्पेट परत टाकण्याआधी स्क्रूंवरून बोट फिरवा. डोकं वर राहिलं, तर कार्पेट तिथेच आधी फाटतं.